बुधवारचे डॉक्टर

खोटं कशाला बोलू, त्या माणसावर मी जळायचे. अजूनही जळते. त्यांची बदली होऊन ते आपल्या कोकणाकडे गेले, तरी बुधवारी ओपीडीच्या दाराशी एखादी म्हातारी येऊन "थे साहेब नाईत का?" असं विचारते, आणि तिथून जाणारी मी भराभर पावलं उचलून वॉर्डाकडे निघते.

लोकांचं मी समजू शकते. पण माझे सख्खे बाबा! मी मेडिसिनची प्राध्यापक. वॉर्डात माझ्या नावाच्या खाटा, मागे निवासी डॉक्टरांचा आणि विद्यार्थ्यांचा ताफा. आणि माझा बाप, चिखलीच्या पुढच्या खेड्यातून जीपमध्ये बसून ब्लडप्रेशरच्या गोळ्या लिहून घ्यायला यायचा, तो त्यांच्याकडे. बुधवारी मी वॉर्डात असायची. बाबा खाली जाण्याआधी वॉर्डाच्या दारातून डोकावायचे, हात करायचे, "जेवली का वं बाई?" म्हणायचे, आणि जाऊन त्यांच्या रांगेत उभे राहायचे. माझ्या टेबलासमोर ते एकदाही बसले नाहीत. एकदा तरी बसावं, एवढंच मला हवं होतं. डॉक्टर झाले तेव्हापासून हवं होतं.

आमच्यासारख्या मोठ्या, शिकवणाऱ्या हॉस्पिटलचा कारभार बाहेरच्यांना माहीत नसतो, म्हणून सांगते. मेडिसिनची तीन युनिटं असतात आणि वार वाटून घेतलेले असतात. सोमवार-गुरुवार पहिलं युनिट, मंगळवार-शुक्रवार माझं, बुधवार-शनिवार त्यांचं. ज्या वारी पेशंट आला, त्या युनिटचा तो झाला. भरती झाला तर घरी जाईपर्यंत त्याच युनिटचा. यात डॉक्टर निवडायची सोय नाही. सरकारी दवाखान्यात कोण निवडू देतंय?

पण आमचे लोक हुशार. त्यांनी वार निवडले. मेहकरपासून देऊळगाव राजापर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं की बुधवारी जायचं; शनिवारी ओपीडी अर्धाच दिवस. सोमवारी ताप आला तर अंगावर काढायचा. मंगळवारी चक्कर आली तर पडून राहायचं. नाव कोणी घ्यायचंच नाही, 'बुधवारवाले डॉक्टर' म्हटलं की जीपवाल्यालाही कळायचं. बुधवारी आमच्या आवारात जत्रा भरायची, आणि मंगळवारी माझ्याकडे यायचे ते नवखे, वार चुकलेले, नाहीतर कोणीतरी उचलून आणलेले दारुडे.

एकदा एक आजी माझ्यासमोर बसली. केसपेपर हातातच घट्ट धरलेला.

"आज कोन हायेत?" तिनं विचारलं.

"मी आहे ना."

"म्हंजे थे नाईत?"

"नाहीत. काय होतंय तुम्हाला?"

"कायी नाई वं माय. उद्या येतो मी." आणि उठून गेली. चांगली धाप लागलेली होती तिला. माझ्या निवासी डॉक्टर पोरीनं तोंडावर फाइल धरली. हसत होती, दुसरं काय.

आता त्यांच्यात असं होतं तरी काय? दिसायला म्हणाल तर काही नाही. बुटके, पोट सुटलेलं, ॲप्रन कधी इस्त्रीचा नाही. ॲप्रनच्या उजव्या खिशात फुटाणे. त्यामुळे तो खिसा कायमचा पिवळा. राउंड घेता घेता स्वतः खायचे आणि पेशंटलाही द्यायचे. पेशंटच्या खाटेवर बसायचं नाही हा वॉर्डाचा नियम. हे बसायचे ते थेट मांडी घालून. मी जरा टेकले तरी इन्चार्ज सिस्टर आवाज चढवायची, पण यांना मात्र उशी द्यायची पाठीला.

आणि सगळ्यांना 'मालक' म्हणायचे. पेशंट मालक, झाडूवाली मावशी मालक, डीन मालक, मीही मालक. "मी बाईमाणूस आहे सर," असं मी एकदा म्हटलं. त्यावर म्हणाले, "बरोबर आहे मालक."

सगळ्यात जिव्हारी लागायचं ते त्यांचं बोलणं. कोकणातला माणूस, नाकात बोलणारा. इथं आल्यावर वऱ्हाडी बोलायची हौस चढली. आणि बोलायचे ते सगळं चुकीचं! 'काऊन' म्हणजे 'का', हे कुठलंही शेंबडं पोर सांगेल. यांना वाटायचं 'काऊन' म्हणजे 'कसं'. "काऊन आहात मालक?" असं विचारत वॉर्डभर हिंडायचे. एकदा ऐंशीच्या घरातल्या आजीला "ये बे आजी, बस," म्हणाले. आपल्याकडे 'बे' म्हणतात बरोबरीच्या पोराला, पारावर, चौकात. अख्खा वॉर्ड खदखदून हसला. आजी तर इतकी हसली की तिची सलाइन निघाली. मग तीच आजी घरी जाताना यांच्या गालावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडून गेली.

आणि मी? मी इथली. मातीतली. मुंबईला शिकायला गेले तेव्हा होस्टेलच्या पोरी माझं 'मले-तुले' ऐकून फिदीफिदी हसायच्या. मी ते एकेक करून जिभेवरून खरवडून काढलं. पुढं परत आले तर ते परत येईना. पेशंटशी वऱ्हाडी बोलायला गेले की मला स्वतःलाच नाटकी वाटायचं, आणि त्यांनाही. ते आपले "हो मॅडम, नाही मॅडम" करून पुस्तकी बोलायचे. माझी भाषा, माझी माणसं, आणि माया कोणाला, तर त्या मासेखाऊला. जळू नको तर काय करू?

त्यांची शिकवायची तऱ्हाही तशीच. नवी बॅच आली की पहिल्या दिवशी एकेका विद्यार्थ्याला स्ट्रेचरवर आडवं करायचे. वॉर्डबॉय त्याला ढकलत ढकलत क्ष-किरण विभागापर्यंत नेऊन परत आणायचा. मग हे विचारायचे, "काय दिसलं मालक?" पोरं सांगायची, पंखे, जळमटं, ट्यूबलाइट, वाकून बघणारी तोंडं. "ती तोंडं कशी होती?" "घाबरवणारी होती, सर." "मग आपलं तोंड नीट ठेवायचं," एवढं बोलून हे फुटाणे काढायचे. झाला तास! एक पोरगा तर स्ट्रेचरवर झोपून गेला आणि त्याला कोणीतरी खरंच सोनोग्राफीच्या रांगेत लावलं. मी तिकडे बोर्डावर आकृत्या काढून घसा कोरडा करते, आणि माझ्याच युनिटची पोरं पाण्याला जातो म्हणून सटकून यांच्या राउंडला मागे उभी.

कामाचं म्हणाल तर शोधनिबंध नाहीत, मीटिंगला दांडी. कॉलेजच्या मान्यतेसाठी तपासणीला माणसं आली तेव्हा सगळी धावपळ मी केली. खाटा मोजून दाखव, लायब्ररी दाखव, शिक्षक हजर आहेत ते दाखव. तपासणीवाल्यानं यांना विचारलं, "तुमचं संशोधन कशावर?" यांनी खिशात हात घातला आणि म्हणाले, "मालक, फुटाणे घ्या." माझा जीव टांगणीला. तो तपासणीवाला फुटाणे खात यांच्याबरोबर वॉर्ड फिरला आणि जाताना डीनला म्हणाला, असा शिक्षक पाहिजे. माझं नाव कोणाच्या तोंडी नाही.

ते फुटाणे म्हणजे नाटक, असं मी समजायची. मग सिंदखेड राजाकडची एक बाई आली, नुसती थकते म्हणणारी. यांनी तिला मूठभर फुटाणे दिले आणि समोर बसून तिचं चावणं बघत राहिले. सुरुवातीला छान चावले तिने. मग जबडा मंदावला, मग तिनं हनुवटीला हाताचा आधार दिला. पापण्या खाली आल्या. स्नायू वापरले की दमून जातात असा तो आजार, पुस्तकात सगळ्यांनी वाचलेला. विद्यार्थी टाळ्या वाजवायचेच बाकी होते. ती बाई माझ्याच शुक्रवारी येऊन गेली होती. मी तिला लोहाच्या गोळ्या देऊन पाठवलं होतं.

आणि ओपीडीत बसण्याआधी ते रांगेतून फेरी मारायचे. शेपटापासून तोंडापर्यंत. कोणाच्या खांद्यावर हात ठेव, कोणाची पिशवी उचलून बघ, "काऊन आहात" कर. मी खिडकीतून बघायची आणि मनात म्हणायची, चालली मालकांची मिरवणूक. पुढारी मतं मागायला फिरतो तसंच वाटायचं मला ते.

बाबांना तर त्यांनी पुरतं खिशात घातलं होतं. आमची भाजीपाल्याची शेती. वांग्याचा पहिला तोडा निघाला की बाबा पिशवी भरून माझ्या गाडीत ठेवायचे. "हे त्या साहेबाले दे. कवळे हायेत म्हना." बुधवारवाल्यांची पिशवी वेगळी, माझी वेगळी, आणि त्यांच्या पिशवीतली वांगी निवडून घेतलेली असायची! ती खिडकीतून भिरकावून द्यावी असं मला दर वेळी वाटायचं.

"बाबा, एकदा माझ्याकडे दाखवा ना," मी कितीदा म्हटलं असेल. "गोळ्या त्याच लिहिणार आहे मी."

"तुह्याकडं काय दाखवाचं? तू घरचीच हायेस," असं म्हणून हसण्यावारी न्यायचे. भाऊ हसायचा, वहिनी हसायची. मी भाकरीचा तुकडा मोडत बसायची.

त्या बुधवारी मी न्यूमोनियावर शिकवत होते. शिपाई दारात आला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्हाले ओपीडीत बलावलं. तुमचे वडील." मी खडू हातात घेऊनच धावले.

झालं होतं ते असं. मंगळवारी सकाळीच वांग्याच्या वावरात बाबांच्या छातीत दाबल्यासारखं झालं. घाम सुटला, डावा हात जड पडला. वहिनी म्हणाली ताईला फोन लावते, आपण दवाखान्यात जाऊ. बाबांनी ओवा चावला, सोडा प्याला आणि खाटेवर आडवे झाले. "उद्या बुधवार हाय. उद्या जातो," म्हणाले. मंगळवार होता, मी ओपीडीत बसलेली होते. दुसऱ्यांच्या बापांच्या छातीला स्टेथोस्कोप लावत होते. आणि माझा बाप माझा वार टळायची वाट बघत घरी पडून होता.

बुधवारी भावाबरोबर जीपने आले. भाऊ केसपेपर काढायला गेला, बाबा त्या भल्यामोठ्या रांगेच्या पार शेवटी भिंतीला टेकून उभे. त्यांचा नंबर लागायला दुपार झाली असती. पण हे रांगेतून फेरी मारत आले, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तसंच त्यांना दोन्ही हातांनी धरून ओरडले, "स्ट्रेचर!" मी पोचेपर्यंत बाबांना आयसीयूत हलवलं होतं आणि हे तिथं कार्डिओग्रामची पट्टी हातात घेऊन उभे होते. माझ्याकडे बघेनात. मीच पट्टी ओढून घेतली. बघितली आणि समजलं. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ आदल्याच दिवशी निघून गेली होती. हृदयाचा एक भाग गेला होता.

बाबा वाचले. यांनी वाचवलं, हेही सांगायलाच हवं. तीन-चार दिवस तो माणूस आयसीयूतून हलला नाही. आयसीयू त्यांचं, पेशंट त्यांच्या युनिटचा, मी तिथं नातेवाईक. नातेवाइकांच्या बाकड्यावर, चपला बाहेर काढून.

बाबा जरा बोलते झाल्यावर राउंडला यांनी विचारलं. मागे सगळी पोरं उभी होती, मी कोपऱ्यात होते.

"मालक, काऊन थांबलात?" पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून तो शब्द बरोबर निघाला. "मंगळवारीच का नाही आलात? मुलगी इथं बसलेली."

"तुमचा बुधवार होता ना जी," बाबा म्हणाले. अगदी कौतुकाने, यांना आवडेल म्हणून.

यांचा चेहरा पडला. खिशात घातलेला हात तसाच राहिला. राउंड अर्धा टाकून बाहेर पडले ते जिन्याच्या पायरीवर जाऊन डोकं धरून बसले. येणारे-जाणारे वळसा घालून जात होते. मी तिथून गेले आणि थांबले नाही. काय बोलणार होते? तुमचा एवढा बोलबाला, म्हणून माझा बाप मरायला टेकला, असं? तेच तोंडात आलं होतं.

नंतर ते डीनकडे गेले म्हणे, की माझा वार काढून घ्या, रोज कोण बसणार ते कोणाला कळूच देऊ नका. डीन म्हणाले, असं होत नसतं. युनिट म्हटलं की वार आला. मग पुढच्या मंगळवारी मी ओपीडीत आले तर हा माणूस माझ्या टेबलाच्या डाव्या बाजूला स्टूल टाकून बसलेला.

"हे काय सर?"

"काही नाही मालक. तुम्ही तपासा, मी केसपेपर लिहितो."

प्राध्यापक माणूस, माझ्याहून वरचा, माझा कारकून होऊन बसला. बातमी पसरायला वेळ लागला नाही. बुधवारवाले मंगळवारीही असतात, शुक्रवारीही असतात! माझी रांग वाढली. लोक यायचे त्यांच्याकडे बघून, आणि हे पेनाने माझ्याकडे बोट दाखवायचे. "मी नुसता लिहिणारा. डॉक्टर त्या." मी संतापाने धुमसत होते. दोन आठवडे गिळलं, मग ओपीडी आटोपल्यावर दार लावून घेतलं.

"सर, मला तुमची दया नको. तुमच्या नावावर माझ्याकडे माणसं येणार, ही भीक झाली. उठा इथून."

त्यांनी चष्मा काढून ॲप्रनला पुसला.

"दया नाही हो मालक. मला मंगळवारी बसवत नाही खोलीत. कुठंतरी कोणीतरी ओवा खाऊन पडलाय, उद्या जातो म्हणतोय, असं सारखं वाटतं. इथं बसलो तर निदान तो येईल."

मी दाराची कडी काढली. आणि सांगते, त्याचाही मला हेवाच वाटला. बाप माझा, अपराधी मला वाटायला हवं, झोप माझी उडायला हवी. तेही या माणसानं माझ्याआधी उचलून घेतलं होतं.

पुढे बाबांना संभाजीनगरला नेऊन अँजिओप्लास्टी केली. घरी जाऊन पडले, हळूहळू ओसरीपर्यंत चालायला लागले. आणि एका मंगळवारी, मला काही न सांगता, भाऊ त्यांना तपासणीला घेऊन आला.

रांग होती. बाबा रांगेतूनच आले. सदरा ढगळा झालेला, मान बारीक झालेली. टेबलाशी आले आणि उभे राहिले. खुर्चीत मी, डावीकडे स्टुलावर ते, आणि मध्ये पेशंटचं फिरतं स्टूल. ते कुठल्याही बाजूला वळवता येतं. यांनी मान खाली घातली आणि कोऱ्या कागदावर काहीतरी लिहायला लागले. वर बघायलाच तयार नाहीत. मागची विद्यार्थी पोरं पुढं सरकली. माझ्या मनात आलं, आता बाबा त्यांच्याकडे वळून बसले तर मी उठून निघून जाईन. खरंच जाईन, पुन्हा या खोलीत येणार नाही.

बाबांनी स्टूल माझ्याकडे वळवलं. बसले. सदऱ्याच्या बाहीचं बटण काढलं, बाही वर सारली आणि हात टेबलावर माझ्यापुढे ठेवला.

"पाहा मॅडम," म्हणाले.

मी मनगटावर बोटं ठेवली. हाडं लागत होती. वांग्याच्या काट्यांचे जुने ओरखडे होते. बोटांखाली नाडी होती, मला लागत होती, पण मोजता येईना. घड्याळातला काटा दिसेना. मी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा चुकले. नाक ओढलं, आवाज झाला, आणि मग मला आवरलंच नाही. सगळ्या पोरांसमोर, सिस्टरसमोर, दारातल्या रांगेसमोर मी हमसून हमसून रडायला लागले.

बाबा त्यांच्याकडे वळून म्हणाले,

"पाह्यलं का साहेब? याच्यापायीच येत नव्हतो मी हिच्याकडं."

मी हात सोडला नाही. बुधवारवाले आपल्या स्टुलावरून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि बाबांचा दुसरा हात आपल्या हातात घेतला. नाडी शेवटी त्यांनीच मोजली.